स्क्रोल सॉवर मराठी पाटी कापताय? आधी अनुस्वार सांभाळा

गेल्या वर्षी आम्ही वरसाव्याला राहायला आलो. घोडबंदर रस्ता हायवेला मिळतो तिथून थोडं आत, खाडीच्या बाजूला. घर लागलं, पडदे लागले, फक्त दारावरची पाटी राहिली होती. याआधीच्या प्रत्येक भाड्याच्या घरात पाटीवर फक्त बाबांचं नाव असायचं. या वेळी ठरलं, आईचं नाव वर आणि बाबांचं खाली. मी नुकताच छंद म्हणून स्क्रोल सॉ घेतला होता, त्यामुळे पाटी माझ्याकडे आली.

रात्री उशिरापर्यंत बसून अक्षरं कापली, बाल्कनी झाडली, भुसा पिशवीत भरून सकाळी कचऱ्यात दिला. मग अक्षरं बोर्डवर चिकटवली आणि आईला हाक मारली. ती दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, माझ्या नावातला अनुस्वार कुठे गेला?"

तो ठिपका टेबलाच्या भोकातून खाली पडला होता आणि भुशाबरोबर सोसायटीच्या कचऱ्यात गेला होता. आईचं नाव पहिल्यांदा दारावर लागत होतं आणि तेही चुकीचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे चुकलं की अनडू असतं, लाकडात नसतं. त्यामुळे दुसऱ्या पाटीच्या वेळी सगळा विचार मशीन सुरू करायच्या आधी केला. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. स्क्रोल सॉवरचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत असतात आणि त्यात इंग्रजी अक्षरंच कापलेली दिसतात. देवनागरीचं गणित वेगळं आहे. आणि खिशातला मोबाईल या कामात वाटतो त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

स्क्रोल सॉ म्हणजे नेमकं काय?

शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. सुईच्या जागी करवतीचं बारीक पातं आणि कापडाच्या जागी लाकूड. पातं एकाच जागी वर-खाली होतं आणि आपण लाकूड टेबलावर सरकवत, वळवत राहतो. म्हणून बारीक वळणं, आतली नक्षी, कोडी, खेळणी, अक्षरं हे सगळं यावर होतं.

ऑनलाइन शोधताना एक गोंधळ होतो. 'जिगसॉ' म्हणून जे मशीन समोर येतं ते हातात धरून चालवायचं असतं. त्याचं पातं फक्त वरच्या टोकाला पकडलेलं असतं, रुंद असतं आणि बारीक वळण घेत नाही. स्क्रोल सॉमध्ये पातं दोन्ही टोकांना पकडून ताणलेलं असतं. दोन्हींच्या नावात 'सॉ' असलं तरी काम वेगळं आहे.

मग लेझरने कापून का घेऊ नये? जरूर घ्या, पण कधी ते ठरवा. एकाच डिझाइनचे ५० तुकडे हवे असतील तर लेझर बरं पडतं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या मखरासाठी प्लाय आणि एमडीएफ कापून घेणारे बरेच दिसतात, तिथेही लेझर सोयीचं असतं. पण लेझरने कडा काळ्या पडतात, आणि प्लाय जाड असेल तर साधं लेझर मशीन अडखळतं. एकच पाटी, जाड लाकूड आणि स्वतः करायची हौस, अशी तिन्ही जुळली तर स्क्रोल सॉ घ्या.

विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा

पहिली, व्होल्टेज. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असते. अमेरिकेतून कोणी नातेवाईक मशीन आणणार असेल तर ते १२० व्होल्टचं असेल. तसंच प्लगला लावलं तर मोटर जळेल. मशीनच्या मागच्या छोट्या पट्टीवर हे आकडे छापलेले असतात. तिचा फोटो आधी मागवून घ्या.

दुसरी, पातं कसं पकडलं जातं. काही पात्यांच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, काहींची टोकं साधी असतात. पिनवालं पातं लावायला सोपं, पण आतली नक्षी कापायची तर ती पिन जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं. 'व' च्या पोटात तेवढी जागा असेलच असं नाही. साध्या टोकाचं बारीक पातं अगदी दीड-दोन मिलिमीटरच्या भोकातूनही जातं. अक्षरं कापायची असतील तर दोन्ही प्रकार चालणारं किंवा साध्या टोकाचं मशीन घ्या.

तिसरी, आतली खोली. १६ इंची मशीन म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत १६ इंच. त्याहून लांब पाटी पूर्ण गोल फिरवताना खांबाला अडते. आमची पाटी १४ इंचांची होती, म्हणून निभावलं.

देवनागरीचा हिशेब

मुख्य भाग हा आहे.

इंग्रजी शब्द कापला की प्रत्येक अक्षर सुटं होतं. मराठीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, हा आपला मोठा फायदा. पण चार जागी फसायला होतं.

१. सुटे ठिपके. अनुस्वार कशालाच चिकटलेला नसतो. 'ॲ' आणि 'ऑ' वरचा चंद्रही बहुतेक फॉन्टमध्ये हवेत असतो. 'डॉ.' लिहिलं तर चंद्र आणि पूर्णविराम असे दोन सुटे तुकडे झाले. मात्रा, वेलांटी आणि रफार सहसा शिरोरेषेला टेकलेले असतात, तरी झूम करून खात्री करा.

२. तुटकी शिरोरेषा. 'भ', 'ध' आणि 'थ' यांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण नसते. त्यामुळे 'वैभव' कापलं की काही फॉन्टमध्ये 'वै' एकीकडे आणि 'भव' दुसरीकडे होतं. 'माधव' चंही तसंच. डिझाइनमध्येच दोन्ही भाग दीड-दोन मिलिमीटर एकमेकांवर सरकवून जोडून घ्या.

३. बंद पोटं. व, ब, क, प, म, ष, य, स यांच्या आत चारही बाजूंनी बंद जागा असते. तिथे बाहेरून पातं जात नाही. आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा लावायचं आणि मग कापायचं. आपल्या शब्दात अशा किती जागा आहेत ते आधीच मोजा. माझ्या पाटीत ११ होत्या. म्हणजे ११ वेळा पातं काढणं-लावणं. वेळेचा अंदाज यावरूनच येतो.

४. एकाच धाग्यावर लटकणारे भाग. 'ग' आणि 'ण' मध्ये डावा भाग आणि उभा दांडा यांना फक्त शिरोरेषा जोडते. काना तर नुसता वरून लोंबतो. शिरोरेषा बारीक ठेवली तर पहिल्या धक्क्याला मोडते. ६ मिलिमीटरच्या प्लायसाठी शिरोरेषा निदान ६ मिलिमीटर उंच ठेवा आणि बाकी कुठलीही रेघ ४ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

फॉन्ट निवडताना हे सगळं लक्षात घ्या. एक टाइप या मुंबईतल्या मंडळींनी केलेले 'बालू', 'मुक्ता', 'मोदक' हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. 'बालू' जाड आणि गोलसर आहे, त्याला टोकदार कोपरे कमी, म्हणून पहिल्या पाटीसाठी उत्तम. 'मुक्ता' चं सर्वांत जाड रूप घ्या, बारीक रूप मोडतं. 'मोदक' नावासारखाच गुबगुबीत. दिसतो झकास, पण अक्षरांच्या आतली जागा नुसती फट उरते. तिथे भोक पाडायलाच जागा नसते. हात बसल्यावर त्याच्या वाटेला जा.

डिझाइन मी लॅपटॉपवर इंकस्केपमध्ये करते. ते फुकट आहे, माप मिलिमीटरमध्ये देता येतं आणि युनिकोड जोडाक्षरं नीट जुळतात. शब्द टाइप झाला की मजकुराचं रूपांतर आकारात करायचं आणि सगळे आकार एकत्र जोडून टाकायचे. मग शब्द खरंच एका तुकड्यात आहे का, हे लगेच कळतं. लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरच्या डिझाइन ॲपमध्ये करा, प्रिंट काढा आणि अक्षरं जिथे जोडायची तिथे पेनने जाड करा. पातं पेनची रेघही तितक्याच इमानाने कापतं.

प्रिंटची भानगड

फाइल बरोबर, मशीन बरोबर, तरी पाटी लहान होते. कारण प्रिंटच्या खिडकीतलं 'फिट टू पेज'. समजा तुमची फाइल ए-फोर मापाची आहे, २१० बाय २९७ मिलिमीटर. प्रिंटर लेटर मापावर सेट आहे, त्याची उंची २७९ मिलिमीटर. प्रिंटर गपचूप सगळं ९४ टक्क्यांवर आणतो. १०० मिलिमीटरचा शब्द ९४ चा होतो. नुसत्या पाटीत हे खपून जातं, पण एकमेकांत बसणारे तुकडे असतील तर खपत नाही.

उपाय सोपा. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. प्रिंट 'ॲक्च्युअल साइझ' किंवा १०० टक्क्यांवर काढा आणि घरी येण्याआधी झेरॉक्सच्या दुकानातच पट्टीने ती रेघ मोजा.

लाकूड कोणतं?

मराठी अक्षरांसाठी माझं उत्तर प्लाय. कारण लाकडाच्या रेषा. अख्खं लाकूड रेषांच्या दिशेने मजबूत असतं आणि रेषांना आडवं कापलेला बारीक भाग पटकन तुटतो. देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि दांडे, काने उभे. रेषा आडव्या ठेवल्या तर काने मोडतात, उभ्या ठेवल्या तर शिरोरेषा मोडते. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून दोन्ही दिशा सांभाळल्या जातात. सागवानाची हौस असेल तर सागवानाचा तुकडा मागच्या बोर्डसाठी वापरा. सुताराकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात.

प्लाय घेताना शिक्का बघा. 'एमआर' म्हणजे दमटपणा थोडाफार सहन करणारा, पाणी नव्हे. आयएस ३०३ या मानकात एमआर आणि त्याहून वरचा बीडब्ल्यूआर असे दोन्ही येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आमच्याकडे खाडीची हवा आणि वर चार महिने पाऊस. घराबाहेरच्या पाटीसाठी मी निदान बीडब्ल्यूआर घेते आणि कडांनाही पॉलिशचे दोन हात देते, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. आणि '६ मिलिमीटर' लिहिलेला प्लाय खरंच ६ चा असेल असं धरू नका, व्हर्नियरने मोजा.

पातं: नंबर आणि दातांचं गणित

स्क्रोल सॉची पाती साधारण ५ इंच लांब असतात. नंबर जितका मोठा तितकं पातं रुंद आणि दात मोठे. ६ मिलिमीटर प्लायसाठी ३ किंवा ५ नंबरने सुरुवात करा.

एक जुना नियम आहे. कोणत्याही क्षणी निदान तीन दात लाकडात असावेत. हिशेब करून बघा. एका इंचात १२ दात असतील तर दोन दातांतलं अंतर सुमारे २ मिलिमीटर. ६ मिलिमीटरच्या प्लायमध्ये तीन दात बसले, चालेल. ४ मिलिमीटरमध्ये दोनच बसतात, मग पातं अडकतं आणि लाकूड टेबलावर थडथड उडतं. तिथे इंचाला २० दातांचं घ्या.

'रिव्हर्स टूथ' पाती मिळाली तर जरूर घ्या. त्यांचे खालचे काही दात उलटे, वरच्या दिशेला असतात. त्यामुळे प्लायच्या मागच्या बाजूची सालं निघत नाहीत. पातं लावताना वरचे दात खाली तोंड करून हवेत. एवढे बारीक दात डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि फोटो काढून बघा. पातं उलटं लागलं तर लाकूड वर उसळतं.

आणखी एक युक्ती. सोनार जी बारीक करवत वापरतात तिची पातीही साधारण याच लांबीची असतात. साध्या टोकाच्या क्लॅम्पमध्ये ती बसतात. पितळी पत्र्याची अक्षरं कापायची असतील तर तीच वापरा, लाकडाची पाती पत्र्यावर वाया घालवू नका.

पाती गंजतात. मी ती झिपच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवते.

मोबाईलने दोन चाचण्या, मोबाईलशिवाय एक

चाचणी १: पात्याचा ताण. पातं सैल असेल तर ते रेघ सोडून वाहवत जातं, फार ताणलं तर तुटतं. मग 'बरोबर' म्हणजे किती? मशीन बंद करा, प्लग काढा आणि पातं नखाने गिटारच्या तारेसारखं छेडा. 'टण्ण' असा स्वच्छ स्वर यायला हवा, 'थड' असा नको. आता मोबाईलवर कोणतंही ट्यूनर ॲप उघडा, किंवा फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठात बनलेलं हे ॲप मोबाईलच्या सेन्सरवर विज्ञानाचे प्रयोग करायला आहे. त्यात आवाजाची फ्रिक्वेन्सी दिसते. ज्या दिवशी पातं छान कापतंय त्या दिवशी आकडा लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच आकड्यावर आणा. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. ताण चौपट केला तेव्हा कुठे फ्रिक्वेन्सी दुप्पट होते, म्हणून आकडा थोडा हलला तरी ताण बराच हललेला असतो. आणि पात्याचा नंबर बदलला की स्वरही बदलतो, त्यामुळे प्रत्येक नंबरचा आकडा वेगळा लिहा.

चाचणी २: वेग. मशीनच्या डायलवर १ ते ६ असे आकडे असतात, पण मिनिटाला किती फेऱ्या ते कळत नाही. पातं पकडणाऱ्या क्लॅम्पवर व्हाइटनरचा ठिपका द्या आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. असा व्हिडिओ बहुतेक फोनवर आठपट सावकाश चालतो. तो चालवून १० सेकंदांत ठिपका किती वेळा वर आला ते मोजा आणि त्या आकड्याला ४८ ने गुणा. २५ वेळा आला तर २५ गुणिले ४८, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्या. १२० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर २४ ने गुणा. प्लायला जास्त वेग चालतो. ॲक्रिलिकला कमीच हवा, नाहीतर ते वितळून पात्यामागे पुन्हा चिकटतं. कडक लाकूडही जास्त वेगात जळतं.

काही जण फोन थेट मशीनवर ठेवून कंपनं मोजतात. तसं करू नका. इंजिनसारखी जोरदार कंपनं बराच वेळ बसली तर कॅमेऱ्यातली हात स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलवर फोन लावणाऱ्यांना दिला होता. फोन हातात किंवा वेगळ्या स्टँडवर ठेवा.

चाचणी ३: काटकोन. पातं आणि टेबल यांच्यात ९० अंश हवेत. एवढ्या बारीक पात्याला मोबाईलचं लेव्हल ॲप लावता येत नाही, इथे लाकडाचा ठोकळाच बरा. दीड इंच जाडीचा तुकडा घ्या, समोरून त्यात छोटी खाच कापा. मशीन बंद करून तुकडा पात्याच्या मागे न्या आणि खाच मागून पात्याला लावा. पातं अलगद खाचेत बसलं तर काटकोन आहे. तिरकं अडलं तर टेबल हलवा. टेबल २ अंशांनी कललं असेल तर ६ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा छोटा दिसतो, पण मग कापलेला ठिपका एकाच बाजूने बाहेर निघतो, दुसऱ्या बाजूने अडतो.

प्रत्यक्ष कापताना

प्लायवर आधी मास्किंग टेप लावा, त्यावर प्रिंटचा कागद ग्लू स्टिकने चिकटवा आणि सगळ्यात वर पारदर्शक पॅकिंग टेप. कागद नंतर टेपसकट निघून येतो आणि पॅकिंग टेपमुळे जळकट डागही कमी पडतात.

क्रम कायम आतून बाहेर. आधी सगळी भोकं, मग बंद पोटं, मग सुटे ठिपके आणि सगळ्यात शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली तर हातात धरायला काही उरत नाही.

ढकलू नका. नवीन माणूस ढकलतो, पातं मागे वाकतं, कड तिरकी होते आणि पातं तुटतं. लाकूड जेमतेम पुढे सरकेल एवढाच जोर. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर पातं बोथट झालंय, बदला. पातं स्वस्त, पाटी महाग.

लाकूड सरळ धरूनही कट एका बाजूला जातोय? तुमचा हात ठीक आहे. बऱ्याच पात्यांच्या एका बाजूला बनवतानाच बारीक कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त कापते. लाकूड थोडं तिरकं धरून सरकवा, पाच मिनिटांत सवय होते.

टेबलाच्या पृष्ठभागावर मेणबत्ती घासून कपड्याने पुसा, लाकूड सुळकन सरकतं. आणि टेबलातल्या मोठ्या भोकावर जुनं प्लास्टिकचं कार्ड, मध्ये पात्यापुरतं बारीक भोक पाडून, टेपने चिकटवा. आता ठिपका खाली पडणार नाही. हे मी आधी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बोटं, फुप्फुसं आणि शेजारी

स्क्रोल सॉ इतर मशीनपेक्षा सौम्य आहे, पण खेळणं नाही. सुटा ठिपका बोटांत धरून कापायचा नाही. तो मोठ्या तुकड्याचा भाग असतानाच कापा, आणि कापून झाला की मशीन बंद करून मगच उचला. बोटं पात्याच्या समोर नकोत, बाजूला हवीत. पातं बदलताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. चष्मा असला तरी वरून गॉगल घाला. सैल ओढणी, मोकळे केस, हेडफोनची लोंबणारी वायर नको.

भुशाला लोक हलक्यात घेतात. प्लाय आणि एमडीएफमध्ये डिंक असतो, त्याची धूळ बारीक असते आणि फुप्फुसात जाते. साधा कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. मशीनचा छोटा पंखा भुसा रेघेवरून उडवतो, गोळा करत नाही. शक्य असेल तर व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप टेबलाखाली लावा. घरात दमा असलेलं कोणी असेल तर हे काम खोलीत नकोच.

आणि शेजारी. मशीन पातळ टेबलावर ठेवलं तर टेबलाचाच ढोल होतो. खाली जाड रबरी मॅट टाका, मशीन स्क्रूने घट्ट बसवा आणि दुपारच्या झोपेच्या वेळा सोडा. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकदाच वर आले होते. मॅट टाकल्यापासून आले नाहीत.

ठिपका जागेवर कसा बसवायचा?

आता शेवटची आणि माझ्यासाठी सगळ्यात कामाची युक्ती. अक्षरं कापून झाल्यावर बाहेरचा उरलेला सांगाडा फेकू नका. तोच तुमचा साचा आहे. सांगाडा मागच्या बोर्डवर ठेवा, टेपने पक्का करा. त्याच्या पोकळीत शब्द ठेवा. अनुस्वार, चंद्र, पूर्णविराम आपापल्या पोकळीत टाका. सगळं डिझाइनमध्ये होतं तसं, त्याच अंतरावर बसतं. मग एकेक तुकडा उचलून मागे फेविकॉलचे थेंब द्या, परत ठेवा, वर वजन ठेवा आणि गोंद धरला की सांगाडा अलगद उचला. गोंद थोडाच लावा, नाहीतर सांगाडाही चिकटून बसतो.

आणि कापलेला प्रत्येक सुटा तुकडा त्याच क्षणी वाटीत टाका. डिझाइनमध्ये सुटे तुकडे किती ते आधी मोजलेलं असेलच. झाडू हातात घेण्याआधी वाटीतला आकडा जुळवा.

दुसरी पाटी मी दोन आठवड्यांनी कापली. या वेळी आई शेजारी बसली होती. तिची वीस-बावीस वर्षं शिलाई मशीनवर गेली आहेत. मी एका वेलांटीच्या वळणावर अडखळत होते, तर ती म्हणाली, "दाबू नकोस गं, कापड फिरवतात तसं फिरव." मग मी बाजूला झाले. शेवटची दोन वळणं आणि तो अनुस्वार तिनेच कापला. तिने कापलेली कड माझ्यापेक्षा सरळ आली आहे.

तुम्ही पहिल्यांदा करत असाल तर थेट दाराच्या पाटीला हात घालू नका. आधी 'आनंद' हा चार इंची शब्द कापा. त्यात काना आहे, 'द' चं वळण आहे आणि एक सुटा अनुस्वार आहे. तो ठिपका शेवटपर्यंत वाटीत राहिला, तर घराची पाटी कापायला तुम्ही तयार आहात.